गिधाडं बघायची तर कड्यासमोर बसा

गिधाड शोधत रानोमाळ हिंडायचं नसतं. हा पक्षी पानाआड लपत नाही, झुडपात शिरत नाही. वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या कड्यावर तो रात्र काढतो, ऊन तापलं की तिथूनच हवेत झेपावतो आणि पोट भरलं की बहुधा तिथेच परततो. रानात गेलं की चालत राहायचं, अशी आपली समजूत असते, आणि नवख्या माणसाची निम्मी ताकद त्या वाटा तुडवण्यातच जाते. इथे मामला उलटा आहे. कडा कुठला हे एकदा कळलं, त्याच्यासमोर नीट जागा मिळाली आणि दुपारपर्यंत तिथून न हलायची तयारी असली, की मोठं काम झालं.

पुढे जे लिहितोय ते मुख्यतः सह्याद्रीतल्या लांब चोचीच्या गिधाडाबद्दल. कोकणातलं पांढऱ्या पाठीचं गिधाड आणि बाकीचे भाऊबंद ओघाने येतील.

आधी एक हिशेब

१९८० च्या दशकापर्यंत गिधाड हा मुद्दाम बघायला जायचा पक्षी नव्हता. गावाबाहेर मेलेलं ढोर ओढून टाकलं की थोड्याच वेळात आभाळ भरायचं, हे साठीच्या पुढचा कुठलाही शेतकरी सांगेल. १९९० च्या दशकात ती भराभर दिसेनाशी झाली आणि खरं कारण हाती लागायला २००४ उजाडलं. गुरांचा ताप आणि दुखणं उतरवायला टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. हे औषध अंगात असताना मेलेलं जनावर गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो आणि काही दिवसांत पक्षी मरतो. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली, तर लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरवर आणली. २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही तसलीच वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली.

हे सगळं आधीच सांगायचं कारण असं की गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. ते पिल्लू गेलं की त्या जोडीचं वर्ष गेलं. पुढे अंतराबद्दल जो आग्रह धरलाय, तो या हिशेबामुळे.

महिना ठरवा

पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांब चोचीची गिधाडं जुनी घरटी डागडुजीला घेतात. अंडं साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत. उबवायला सुमारे ५० दिवस, आणि पिल्लू उडायला त्यापुढे आणखी तीन-साडेतीन महिने. डिसेंबरात हवा सुखाची असते, पण एक पक्षी अंड्यावर आणि दुसरा दिवसभर बाहेर, त्यामुळे कड्यावर हालचाल कमी दिसते. नवख्यांनी फेब्रुवारी-मार्च धरावा. पिल्लं मोठी होत असतात, त्यांना भरवायला आई-बापांच्या फेऱ्या वाढतात आणि कपारीतून राखाडी कापसासारखं एक डोकं वर येताना दूरवरूनही कळतं.

पावसाळ्यात जाऊ नका. धुक्यात कडाच दिसत नाही, तिथे गिधाड काय दिसणार? गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय गिधाड जागृती दिन सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी येतो. त्या दिवशी व्याख्यानाला जा, सह्याद्रीत नको.

ठिकाण

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं अंजनेरी हे सगळ्यांत सोयीचं. २०१७ मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं आणि तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं वीण घालतात. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून भाविकांची रीघ असते, तेव्हा शनिवार-रविवार टाळा आणि हनुमान जयंतीला तर तिकडे फिरकूच नका. जटायू पडला ती जागा म्हणून लोक शेजारच्या इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद दाखवतात, म्हणजे या मुलखाची गिधाडांशी ओळख जुनीच. त्याच जिल्ह्यात हरसूलकडे खोरीपाडा आहे. तिथे गावकरी आणि वनविभागानं मिळून गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा राखली आहे. पेपरवाले तिला 'गिधाड रेस्टॉरंट' म्हणतात.

रायगडात म्हसळा तालुक्यातलं चिरगाव पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठी नावाजलेलं. महाडच्या सीस्केप संस्थेनं गावाला बरोबर घेऊन इथे बरीच वर्षं काम केलं आहे. पांढऱ्या पाठीचं गिधाड कड्यावर नाही, उंच झाडांवर घरटं करतं, कोकणात कधी माडावरसुद्धा. त्यामुळे इथे बसण्याचं गणित वेगळं. घरटी वस्तीजवळ असू शकतात, पालवीमुळे दृष्टी अडते आणि तुम्ही कुणाच्या तरी वाडीत उभे असता. तेव्हा आधी गावात विचारा, परवानगी मिळाली तरच पुढे.

विदर्भात गडचिरोलीची जंगलं आहेत. शिवाय हरियाणातल्या पिंजोरच्या जटायू संवर्धन प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमधून मोकळी सोडली गेली. पाठीवर किंवा पंखावर खूणचिठ्ठी असलेलं गिधाड महाराष्ट्रात कुठेही दिसलं तर चिठ्ठीचा रंग, आकडा, वेळ आणि जागा टिपून वनविभागाला कळवा. ती नोंद उपयोगी पडते.

आणि एक माझं ठाम मत. खिशाला परवडत असेल तर पहिलं गिधाड सह्याद्रीत बघूच नका, ओरछ्याला जा. झाशीहून रिक्षानं तासाभराच्या आत पोचता येतं. बेतवेकाठच्या राजघराण्याच्या छत्र्यांवर, कळसांच्या खोबणीत, लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. सज्जात बसून ती समोरासमोर बघता येतात आणि चोच, मान, पंख डोळ्यांत पक्के बसतात. मग सह्याद्रीत अर्ध्या किलोमीटरवरून काळा ठिपका दिसला तरी ओळख पटते. बंगळुरूच्या मराठी मंडळींना रामनगर जवळ आहे. तिथल्या रामदेवरबेट्टावर २०१२ मध्ये देशातलं पहिलं गिधाड अभयारण्य जाहीर झालं. थंडीत राजस्थानात जाणं झालं तर बिकानेरजवळच्या जोडबीडला मेलेल्या उंटा-गुरांवर उत्तरेकडून आलेली गिधाडं आणि गरुड एकत्र दिसतात. वास मात्र सोसावा लागेल.

पिशवीत काय

८ बाय ४२ ची दुर्बीण पुरे. १० पट मोठं दाखवणारी हातात थरथरते आणि तासभर डोळ्याला लावून ठेवणं जमत नाही. चार-पाच जण जाणार असाल तर एक स्कोप (एका डोळ्यानं बघायची लांब पल्ल्याची दुर्बीण) आणि चांगली तिपाई घ्या, कड्यावरच्या घरट्यासाठी तोच खरा. अंथरायला काहीतरी, काळी छत्री (रंगीबेरंगी नको), माणशी दोन-तीन लिटर पाणी, मातकट कपडे. वही-पेन्सिल मोबाइलपेक्षा बरी, उन्हात पडदा दिसत नाही.

अत्तर, सेंट, सुगंधी तेल काही लावून जाऊ नका. ज्या कड्यावर गिधाडं असतात तिथेच बहुतेकदा आग्या मोहोळ लटकलेली असतात. शेकोटी, विडी-सिगारेट, आरडाओरडा, दगड गडगडवणं, यांतलं काहीही त्यांना उठवायला पुरतं आणि मग कड्याखाली पळायलाही वाव नसतो. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे दुर्बिणीतून मोहोळ कुठे आहेत ते बघून घेणं, गिधाडं नंतर.

कडा ओळखा

गिधाडांचा कडा रिकामा असतानाही ओळखू येतो, तो पांढऱ्या ओघळांवरून. पण सह्याद्रीत प्रत्येक कड्यावर पांढरं काही ना काही असतंच, म्हणून फरक बघायला शिका. पाझराचे डाग फटीतून निघून थेट तळापर्यंत सरळ रेषेत जातात, मळकट करडे असतात आणि त्यांच्या कडेनं शेवाळाचा काळा पट्टा असतो. गिधाडांच्या विष्ठेचे ओघळ कुठल्या तरी कपारीच्या किंवा फळीसारख्या कातळाच्या ओठापासून सुरू होतात, वर जाड आणि खाली विस्कटत जातात, आणि ताजे असतील तर चुना ओतल्यासारखे लख्ख दिसतात. शाहीन ससाण्याची बैठकही पांढरी होते, पण तो डाग लहान नि अरुंद. पावसानं जुने ओघळ धुऊन निघतात, त्यामुळे नोव्हेंबरनंतर लख्ख पांढरं दिसलं तर कपार वापरात आहे असं समजायला हरकत नाही. वरून कातळाचं छज्ज्यासारखं पाखं आलं असेल तर घरट्याची शक्यता आणखी वाढते.

याहून सोपा मार्ग म्हणजे धनगरवाड्यावर किंवा पाड्यावर चौकशी. गुरं राखणाऱ्याला कड्यावरची प्रत्येक कपार पाठ असते. पण पुष्कळ ठिकाणी मोठ्या घारीलाही गिधाडच म्हणतात, म्हणून नुसतं "गिधाड असतं का?" विचारू नका. "मान बोडकी असते का? बसलं की केवढं दिसतं? ढोर पडल्यावर येतं का?" असं विचारा. "आता कुठं येतं, मामा, आमच्या लहानपणी..." असं उत्तर सुरू झालं तर खाली बसून ऐका. त्यातूनच कळतं की शेवटचं कधी आणि कुठल्या घळीत दिसलं.

जागा धरा

कड्याच्या समोर, बरोबरीनं किंवा थोडं खाली. कड्याच्या माथ्यावर कधीच नाही. डोक्यावर माणूस आला की गिधाड घरटं सोडतं, समोरच्या उतारावर शांत बसलेल्याची त्याला फारशी पर्वा नसते. अंतर किमान ३०० मीटर ठेवा. स्कोप असेल तर ५०० मीटरवरूनही मजा कमी होत नाही.

ऊन कुठून येतं ते आधी बघून ठेवा. सह्याद्रीचे कोकणाकडे तोंड असलेले कडे दुपारपर्यंत सावलीत असतात. सकाळी तिथे बसलात तर काळ्या कातळावर तपकिरी पक्षी शोधत डोळे शिणतील. अशा कड्याला दुपारनंतर जा. तेव्हा उजेडही समोरून पडतो आणि समुद्राकडून आलेला वारा कड्याला धडकून वर चढतो, त्या वाऱ्यावर गिधाडं पंख न हलवता कड्यालगत मागे-पुढे तरंगत राहतात. पूर्वेकडे तोंड असलेल्या कड्याला मात्र सकाळीच बसा.

पाच-साडेपाच किलोचा पक्षी आणि सव्वादोन मीटरच्या आसपास पसरणारे पंख. एवढं ओझं फडफडून वर नेणं परवडत नाही, म्हणून जमीन तापून हवा वर उठायची तो वाट बघतो. उजाडल्यावर गिधाडं नुसती बसून असतात, कधी पंख पसरून उन्हाला देतात. नऊ-दहाच्या सुमारास पहिलं एक सुटतं, दोन-चार घिरट्यांत उंची घेतं, आणि वर हवा मिळाली हे बघून बाकीची मागोमाग निघतात. ढगाळ दिवशी हे सगळं उशिरा होतं किंवा होतच नाही. अकरा ते तीन बरीचशी बाहेर असतात. तेव्हा शिदोरी सोडा, पण नजर आभाळावर असू द्या. चारनंतर परतायला लागतात आणि उतरताना पाय खाली सोडून, पंख अर्धे मिटून येतात तो क्षण चुकवू नका. गळ्याखाली फुगीर पिशवी दिसली तर आज जेवण झालंय.

हेच गिधाड का?

सुरुवातीला प्रत्येक घार गिधाड वाटते. घारीची शेपटी लांब आणि टोकाला खाचेची, ती सतत वळवत असते आणि पंखही हलवते. गिधाडाची शेपटी आखूड, डोकं खांद्यांत ओढलेलं आणि पंख फळीसारखे रुंद, टोकाशी बोटं फाकलेली. मिनिटभर बघूनही पंख हलले नाहीत तर गिधाडाची शक्यता धरा. काळा गरुडही सह्याद्रीत डोंगरउतारावरून संथ तरंगतो, पण त्याची शेपटी लांब असते आणि पंख बुडाशी निमुळते. तुरेवाला सर्पगरुड तर ओरडून स्वतःच ओळख देतो, आणि त्याच्या पंखाखाली पांढरा ठळक पट्टा असतो.

गिधाडांतल्या गिधाडांत फरक करायला खालून पंख बघा. लांब चोचीच्या गिधाडाचं अंग फिकट तपकिरी, पंखांची मागची पिसं गडद, आणि सगळ्यात मिळून ठसठशीत पांढरं असं काही नाही. बसलेलं असेल तर काळपट बोडकी मान आणि तिच्या बुडाशी पांढरट पिसांचा झुबका दिसतो. पांढऱ्या पाठीचं प्रौढ गिधाड काळं, आणि खालून बघताना पंखांच्या पुढच्या भागात पांढरा पट्टा लख्ख उठतो. पाठीवरचं पांढरं मात्र ते वळताना क्षणभरच दिसतं. नवखे इथे अडकतात, कारण त्याच जातीचं पोर तपकिरी असतं आणि त्याला ना पट्टा ना पांढरी पाठ. अशा वेळी वहीत 'गिधाड, जात नक्की नाही' लिहा. त्यात कमीपणा नाही.

इजिप्शियन गिधाड वेगळंच, आकारानं लहान, मळकं पांढरं, पंखांची मागची बाजू काळी, तोंड पिवळं आणि शेपटी पाचरीसारखी. हिवाळ्यात हिमालयीन गिधाडांची तरुण पोरं भटकत दक्षिणेकडे येतात, ती इतकी अवाढव्य असतात की शेजारचं लांब चोचीचं गिधाड लहान वाटायला लागतं.

आणि गिधाड येईपर्यंत कडा रिकामा नसतो. पाकोळ्या सूं सूं करत जातात, नीलकस्तूर कातळावर बसून शीळ घालतो, शाहीन ससाणा तर आपल्या कड्याशी आलेल्या गिधाडावर वरून झेप घेतो. एवढा थोरला पक्षी त्या टीचभर ससाण्यापुढे मान चुकवत निघून जातो.

घरट्याशी वागणं

घरट्यावरचं गिधाड मान ताठ करून तुमच्याकडेच बघायला लागलं, बसलेलं उभं राहिलं, किंवा तीन-चार पक्षी एकदम सुटून दूर न जाता डोक्यावर फिरू लागले, तर तुम्ही फार जवळ आहात. गडबड न करता मागे या. आई-बाप उठले की कोवळ्या पिल्लावर थेट ऊन पडतं आणि कावळे टपलेलेच असतात.

ड्रोन उडवू नका. गिधाडाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे आणि राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन हा गुन्हा आहे. वीण चालू असलेल्या कड्यावर रॅपलिंग किंवा चढाईचा बेत कुणी आखत असेल तर त्याला मे उलटेपर्यंत थांबायला सांगा, बहुतेक गिर्यारोहक ऐकतात. फोटो टाकताना घरट्याचं नेमकं ठिकाण देऊ नका, मोबाइलमधली लोकेशनची खूणही बंद ठेवा. तालुक्याचं नाव पुरतं.

मेलेल्या जनावरापाशी

इथे संयम सगळ्यांत कठीण. गिधाडं आधी आभाळात फिरतात, मग जवळच्या झाडांवर उतरतात आणि कधी कधी तासन्‌तास नुसती बसून राहतात. तुम्ही दिसत असाल तर उतरतच नाहीत. वनविभागानं लपण बांधलं असेल तर उजाडायच्या आधी आत शिरा आणि ती उठून गेल्यावरच बाहेर या. लपण नसेल तर गाडीतच बसा. भरपेट खाल्लेलं गिधाड जड झालेलं असतं, पटकन उडता येत नाही. मागे लागलं तर हलकं व्हायला ते खाल्लेलं ओकून टाकतं, म्हणजे तुमच्या एका फोटोपायी त्याचं आणि कदाचित पिल्लाचंही जेवण गेलं.

गावात उठबस होईल तेव्हा गुरांना कुठलं इंजेक्शन देतात याची चौकशी सहज करता येते. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं, हे पुष्कळ पशुपालकांना कुणी सांगितलेलंच नसतं. भाषण नको, चहाच्या गप्पांत निघालं तर सांगावं.

नोंद

तारीख, वेळ, जात, किती प्रौढ, किती पोरं, किती कपारी वापरात. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी बसून पुन्हा मोजा. एका कड्याची सलग काही वर्षांची मोजदाद दहा ठिकाणांच्या फोटोंपेक्षा मोलाची आहे. नोंदी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, आणि स्थानिक पक्षिमित्रांकडे किंवा वनपालाकडेही एक प्रत द्या.

कड्याखाली गिधाडाचं पिल्लू पडलेलं किंवा मान टाकून बसलेला पक्षी दिसला तर पाणी पाजायला, उचलायला जाऊ नका. दुरून फोटो घ्या, जागा लक्षात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. डोंगरात रेंज नसते, म्हणून एकानं थांबायचं, कुत्री आणि बघे लांब ठेवायचे, आणि दुसऱ्यानं रेंज मिळेपर्यंत खाली उतरायचं. मेलेलं गिधाड सापडलं तरी हाच फोन. ते लगेच हाती आलं तर शवविच्छेदनात औषधाचा अंश सापडू शकतो, म्हणून पुरू नका, जाळू नका, पिसंही उचलू नका.